पिवळ्या पानाची पदवी

बोर्डो मिश्रणाचं गणित सोपं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. गोम करण्यात आहे. मोरचुदाला लोखंडी भांडं चालत नाही. दोन्ही द्रावणं वेगळी करून मग एकत्र ओतायची. शेवटी त्यात विळा बुडवायचा. पातं तांबूस झालं, तर चुना कमी पडलाय. तसंच फवारलं तर पान करपतं. बीएस्सी अ‍ॅग्रीची मुलं हे कॉलेजात शिकतात आणि पुढे कुणाच्या तरी बांधावर करून दाखवतात.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांत हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम चालतो. माती, पीक, कीड, रोग, फळबागा, जनावरं, अवजारं, बाजारभाव, सगळं त्यात येतं. म्हणूनच ‘सगळ्यातलं थोडं थोडं’ असं नाक मुरडलं जातं. मला ते पटत नाही.

सोयाबीनचं पान पिवळं पडलं एवढंच शेतकरी सांगतो. खालची जुनी पानं आधी पिवळी झाली, तर नत्राची शंका. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी. चुनखडीच्या रानात हे नेहमीचं. पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतील, तर पांढऱ्या माशीनं पसरवलेला मोझॅक. आणि सखल कोपराच पिवळा असेल, तर बहुधा पाणी साचलंय. एका पानापायी तीन-चार विभागांची दारं ठोठावावी लागतात. मुरलेला तज्ज्ञ बहुतेक वेळा आपलंच दार उघडतो.

या थोड्या थोड्या ज्ञानाची खरी कसोटी ‘रावे’त लागते. ग्रामीण कार्यानुभवाच्या या सत्रात मुलं गावात राहतात; गाव त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणतं. माती परीक्षणासाठी व्ही आकाराचा खड्डा कसा घ्यायचा, बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि शेवटी रायझोबियम का चोळायचं, हे ती दाखवतात. काही ठिकाणी बॅनर, फोटो आणि वर्तमानपत्रातली बातमी एवढ्यावरच भागतं, हेही खरं.

गाव वाचायची ही रीत जुनी आहे. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा घरोघर, शेतोशेत अभ्यास केला. तो १९१७ साली छापून आला. १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचं त्यांनी दाखवलं. आज तिथे टॉवर उभे आहेत.

पदवीनंतर बरीच मुलं एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसतात, काही बँकेत कृषी अधिकारी होतात, काही बियाणं कंपन्यांत जातात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. घरच्या सातबाऱ्यावर किती गुंठे आहेत, हे त्यांना ठाऊक असतं. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला लागणाऱ्या शिक्षणातही ही पदवी बसते, त्यामुळे कुणी कृषी सेवा केंद्र टाकतं. तिथे गिऱ्हाईक पिवळं पान घेऊन येतं. रानात पाणी साचलं असेल, तर उपाय चर काढण्याचा, आणि त्यात दुकानदाराला एक रुपया सुटत नाही. मागच्या फळीवर मात्र बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात.