वीज कंपन्यांचा डिव्हिडंड : पावसाळ्याचा पगार यातून निघेल का?



डिसेंबरात सांगलीची कार्यशाळा संपली आणि एक जण खुर्ची ओढून समोर बसले. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं. विहिरीच्या, बोअरच्या मोटारी. फेब्रुवारी ते मे जेवायला वेळ नसतो, आणि एकदा पाऊस लागला की दोन कारागिरांचा पगारसुद्धा जड जातो. हाताशी सहा लाख होते. म्हणाले, "सर, वीज कंपन्यांचे शेअर घेऊन टाकतो. लाइट तर सगळ्यांनाच लागते. महिन्याला पाच हजार डिव्हिडंड आला की पावसाळा निघतो माझा."

हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून व्हिडिओत घाईत सांगितलेलं इथे नीट लिहितोय. मी सेबी नोंदणीकृत सल्लागार नाही. कंपन्यांची नावं समजून घेण्यासाठी घेतली आहेत, "हा घ्या, तो विका" म्हणून नाही.

आधी साधा हिशोब. महिन्याला पाच हजार म्हणजे वर्षाला साठ हजार, म्हणजे सहा लाखांवर दहा टक्के. आता पॉवर ग्रिडने २०२४-२५ या वर्षासाठी शेअरमागे एकूण ९ रुपये दिले. समजा शेअर ३०० रुपयांना घेतला, तर ३ टक्के झाले. सहा लाखांवर अठरा हजार. महिन्याला दीड हजार, तोही कर कापण्याआधी. त्यांचा चेहरा उतरला. मग मोबाइल काढून मला एक यादी दाखवली, त्यात वरच्या कंपन्यांपुढे ९, ११, १४ टक्के असे आकडे. अशा यादीत वर येण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. कंपनीने जमीन किंवा एखादा धंदा विकून एकदाच मोठा डिव्हिडंड दिला, किंवा शेअरचा भाव इतका पडला की जुना डिव्हिडंड त्याच्यापुढे मोठा दिसायला लागला. दोन्हींत पुढच्या वर्षाची खात्री नाही.

मग वीज कंपन्यांकडे लोक का वळतात? कारण तिथे पैसा कसा येतो ते बरंचसं नियमात लिहिलेलं असतं. आपलं लाइट बिल बघा. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार. ते बिल महावितरण वसूल करतं. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या तिन्ही सरकारी कंपन्या, २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन झालेल्या. त्यांचे शेअर बाजारात मिळत नाहीत. पण त्या बिलातला काही भाग पुढे एनटीपीसीसारख्या वीज बनवणाऱ्या आणि पॉवर ग्रिडसारख्या वीज वाहून नेणाऱ्या कंपन्यांकडे जातो, आणि त्यांचे शेअर मिळतात.

यांचा दर केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो. ढोबळ पद्धत अशी. लाइन टाकायला १०० रुपये लागले, तर ७० रुपये कर्जाचे आणि ३० रुपये कंपनीचे स्वतःचे धरायचे. कर्जाचं व्याज, घसारा, देखभाल दरातून भरून निघते, आणि त्या ३० रुपयांवर जुन्या लाइनींसाठी साडेपंधरा टक्के परतावा धरला जातो. म्हणजे ४ रुपये ६५ पैसे. लाइन ठरलेल्या प्रमाणात उपलब्ध ठेवली की पैसे मिळणार, मग तिच्यातून वीज कमी गेली काय नि जास्त गेली काय. आपल्या धंद्यात असं कुणी देतं का? पण बऱ्याच नव्या लाइनी आता लिलावाने दिल्या जातात. जो कमी दर भरेल त्याला काम. तिथे साडेपंधराची हमी नाही, जे सुटेल ते आपलं. त्यामुळे "वीज कंपनी आहे, परतावा पक्का" असं डोळे मिटून म्हणू नका.

आता मुख्य मुद्दा. नफा आणि डिव्हिडंड एक नव्हे.

पॉवर ग्रिडचा डिव्हिडंड बघा. २०२२-२३ मध्ये १४ रुपये ७५ पैसे, २०२३-२४ मध्ये ११ रुपये २५ पैसे, २०२४-२५ मध्ये ९ रुपये. वरवर दोन्ही वर्षी कपात दिसते. पण पहिली कपात कपातच नाही. मध्ये, सप्टेंबर २०२३ मध्ये, तीन शेअरला एक बोनस मिळाला. तीनाचे चार झाले, म्हणून १४.७५ आजच्या मापाने ११ रुपये ६ पैसे होतात. म्हणजे उलट थोडी वाढच. दुसरी कपात मात्र खरी. ११.२५ वरून ९, सरळ वीस टक्के कमी. आणि गंमत म्हणजे त्या वर्षी नफा जवळजवळ आदल्या वर्षाइतकाच होता. मग पैसे गेले कुठे? नव्या लाइनींत. राजस्थान-गुजरातची सौर आणि पवन वीज देशभर न्यायची तर लाइनी टाकायला लागतात, आणि त्यात ते शंभरातले तीस कंपनीला खिशातून घालावे लागतात.

हे त्या रिवाइंडिंगवाल्यांना एका वाक्यात कळलं. म्हणाले, "म्हणजे मी नवीन लेथ घेतली त्या वर्षी घरात पैसे कमी दिले, तसंच." अगदी तसंच. आणि त्यात वाईट काही नाही, पण ज्याला त्याच वर्षी पैसे हवे होते त्याच्या हातात वीस टक्के कमी आले.

म्हणून शेअर निवडताना टक्केवारीच्या रकान्याआधी मागच्या पाच वर्षांत शेअरमागे किती रुपये आले ते एका कागदावर लिहून काढा, बोनस धरून. शेजारी नफा लिहा, आणि कंपनी पुढची दोन-तीन वर्षं किती खर्च करणार म्हणतेय ते. एनटीपीसीचं हेच काढलं तर २०२१-२२ पासून ७, ७.२५, ७.७५ आणि ८.३५ रुपये असं दिसतं. वाढ हळू, पण पायरी मोडलेली नाही. उलट टाटा पॉवरने २०२४-२५ साठी सव्वादोन रुपये दिले, शेअरच्या भावापुढे किरकोळ. कंपनी वाढीवर खर्च करतेय, तो तिचा मार्ग. मात्र दर महिन्याचं भागवायला निघालेल्या माणसाचा तो मार्ग नाही.

सरकारी कंपन्यांबद्दल अजून एक. केंद्र सरकारचाच नियम आहे की त्याच्या कंपन्यांनी नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या ४ टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तेवढा तरी डिव्हिडंड द्यावा. सरकारला स्वतःलाच तो पैसा हवा असतो. त्यामुळे या कंपन्या अचानक शून्यावर येत नाहीत. पण मालक सरकार असला की तुमचा विचार दुसऱ्या नंबरवर, हेही धरून चाला.

"लाइट बिल कुणी चुकवत नाही," असं ते म्हणाले तेव्हा मी विचारलं, तुमच्या दुकानात मोटार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांपैकी किती जणांचं कृषिपंपाचं बिल भरलेलं आहे? ते नुसते हसले. वीज कंपनीचं खरं गिऱ्हाईक आपण नसून वितरण कंपनी असते, आणि तिची तब्येत नाजूक असली की वरच्याचे पैसे अडकतात. गुहागरचा एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आठवतो ना? करार पक्का होता, पण दर इतका चढा की २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणंच थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. हल्ली थकबाकीबाबत नियम कडक झालेत, २०२२ पासून वेळेत पैसे न देणाऱ्या वितरण कंपनीची बाजारातून वीज घेण्याची वाट अडवली जाते. तरीही घेणारा कोण, हा प्रश्न विचाराच.

गॅस कंपन्याही याच वर्गात धरतात. महानगर गॅस, मुंबई-ठाण्याच्या स्वयंपाकघरात पोचलेली, तिने २०२४-२५ साठी शेअरमागे ३० रुपये दिले. पण सरकारने स्वस्त गॅसचा कोटा कमी केला तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, या कंपनीचा शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त पडला. कित्येक वर्षांचा डिव्हिडंड एका दिवसात गेला म्हणा ना.

आता पावसाळ्याचा पगार. डिव्हिडंड महिन्याला येत नाही. पॉवर ग्रिड आणि एनटीपीसीचा नेहमीचा क्रम असा, की पहिला हप्ता नोव्हेंबरच्या आसपास, दुसरा फेब्रुवारीच्या आसपास, आणि शेवटचा वार्षिक सभेनंतर, ऑगस्ट-सप्टेंबरात. मार्च ते जुलै कोरडं. दोन्ही कंपन्या घेतल्या तरी कोरडे महिने तेच राहतात! जून-जुलैचा पगार त्यातून निघणार नाही, फेब्रुवारीचा हप्ता बाजूला ठेवला तरच.

करही आहेच. डिव्हिडंड तुमच्या धंद्याच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो. एका कंपनीकडून वर्षात दहा हजारांच्या वर गेला तर दहा टक्के कापूनच हातात येतो. कापलेला रिटर्नमध्ये दाखवून घ्या, कितीतरी जण सोडून देतात.

शेवटी मी विचारलं, हे सहा लाख कुठले? तेव्हा कळलं, त्यातले दोन लाख जानेवारीत तांब्याची तार भरायचे होते. "तार उधारीवर घेतो ना, पंचेचाळीस दिवस मिळतात." रोखीने घेतली तर? "व्यापारी दोन टक्के सोडतो." दीड महिन्यात दोन टक्के. सीझनमध्ये अशा तीन खेपा झाल्या तर दोन लाखांवर सहा टक्के त्यांच्या स्वतःच्या दुकानातच पडून होते, आणि ते तीन टक्क्यांसाठी सांगलीतून दिल्लीकडे बघत होते.

त्यांनी ते दोन लाख तारेत घातले. दीड लाख जून ते सप्टेंबरच्या पगारासाठी बँकेत मुदत ठेवीत. उरलेल्या अडीच लाखांतले दर महिन्याला वीस हजार टाकत शेअर घेतायत, दोन वीज कंपन्या आणि बाकी इंडेक्स फंड, पाच वर्षं हात लावायचा नाही या बोलीवर. आल्या डिव्हिडंडचे पुन्हा शेअर. मागच्या महिन्यात फोन आला, तर विचारत होते डिमॅटला बायकोचं नाव नॉमिनी म्हणून कसं लावायचं. पुढचा व्हिडिओ त्यावरच करतोय, तोवर तुमच्या खात्यात नॉमिनी लागलाय का ते बघून ठेवा.