वीस हजार गुणिले दिवस

पहाटे ५.३०, बोईसर. सुनावणी दुपारची, पण आधी कारखान्याचं सांडपाणी केंद्र, ईटीपी. एरेशन टँकचं पाणी लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्धा तास ठेवलं. चॉकलेटी गाळ छान खाली बसला. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, हेच न्या की दाखवायला." आजचं कोण बघतंय! नोटीस राज्य प्रदूषण मंडळाच्या पावसाळ्यातल्या जेव्हीएस नमुन्याची आहे: सीओडी लिटरला ६१० मिलिग्रॅम, मर्यादा २५०. ब्लोअर बंद पडलेला आणि रात्रपाळीने रिअ‍ॅक्टर धुऊन सगळं एकदम सोडलं. जिवाणूंचं कल्चर मेलं.

८.००, लोकल. मांडीवर फाइल. केंद्रीय मंडळाच्या भरपाईच्या सूत्रात पाच आकडे गुणायचे. लाल श्रेणी म्हणून ८०, दर २५० रुपये. मध्यम उद्योग आणि दहा लाखांखालची वस्ती, म्हणून पुढचे दोन्ही एकेक. दिवसाला २०,०००. त्यावर वाद घालायला जागा नाही. उरले दिवस. राज्य मंडळाचा हिशेब ६२, फेरनमुना पास होईपर्यंत. आमचा १९, आमच्या लॅबच्या रिपोर्टपर्यंत.

१.००, सायन, मंडळाचं ऑफिस. वकिलांनी मसुद्यात 'आरोप मान्य न करता' हे शब्द तिसऱ्यांदा तपासले. डायरेक्टर निवांत. पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून त्याजागी १० हजार ते १५ लाख दंड. थोडा घाम राहायला हवा होता, असं माझं मत. ते मी त्यांना सांगत नाही. त्यांना धास्ती आहे ती हरित लवादाची. मांगेला मच्छीमारांच्या अर्जावर २०२२ मध्ये तारापूरच्या शंभरावर कारखान्यांना मिळून सुमारे १६० कोटी भरायचा आदेश झाला होता. म्हणून इथेच मिटवायचं.

३.१०. सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, "फेरनमुना घ्या म्हणून पत्र कधी दिलंत?" पत्रावरचा आवक शिक्का सत्ताविसाव्या दिवसाचा. रिपोर्ट आल्यावर ते सहीसाठी आठ दिवस केबिनमध्ये पडून होतं. त्या सहीचे १ लाख ६० हजार. एकूण ५ लाख ४० हजार, वर बँक गॅरंटी. डायरेक्टर शिक्क्याकडे बघत राहिले, मी खिडकीकडे.

६.१५, दादर. अकाउंट्सचा फोन: रक्कम कुठल्या खात्यावर टाकू? टाका कुठेही, म्हटलं. स्टँडबाय ब्लोअरचं कोटेशन मार्चपासून त्यांच्याचकडे आहे. गाडी येईपर्यंत तेही परत मेल केलं.