पोट बिघडलेल्या कुत्र्याचे जेवण

कुत्र्याचे पोट बहुतेक वेळा नको ते खाल्ल्याने बिघडते. उकिरड्यावरचे शिळेपाके, मटणाची चरबी, सणासुदीचे तळण, नाहीतर नेहमीचे खाद्य बंद करून एका दिवसात सुरू केलेले नवे खाद्य, यांतले काहीही त्याला पुरते. जंत, जिवाणू आणि विषाणू हीसुद्धा नेहमीचीच कारणे आहेत. कारण कोणतेही असो, आतड्याचे अस्तर दुखावले की अन्नपाणी नीट शोषले जात नाही आणि उलट्या-जुलाब सुरू होतात. एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या कुत्र्यात हा बिघाड बहुधा दोन-तीन दिवसांत निवळतो. तोवर पोटावर भार न टाकता त्याला पाणी आणि पोषण मिळत राहिले पाहिजे.

मात्र काही लक्षणांत स्वयंपाकघराकडे वळण्याआधी पशुवैद्य गाठावा लागतो. उलटीत रक्त, डांबरासारखी काळी किंवा रक्ताळ विष्ठा, प्यायलेले पाणीही न टिकणे, पोट दाबताच कळवळणे, ताप, गळून पडणे ही ती लक्षणे. मोठ्या अंगाचा कुत्रा उलटीसाठी पुन्हा पुन्हा उमाळे काढतो, बाहेर काही पडत नाही आणि पोट फुगत जाते, तेव्हा जठराला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी तासभर वाट पाहणेही जिवावर बेतते. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब लागले की पहिला संशय पार्वोचा घ्यावा. १९७८च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्याच्या अस्तरातील वाढत्या पेशीच नष्ट करतो. अशा पिल्लाला सलाईन आणि दवाखानाच लागतो. पेजेने ते बरे होत नाही.

बाकीच्या कुत्र्यांसाठी पहिली काळजी पाण्याची. रोगापेक्षा शरीर कोरडे पडण्याचा धोका अनेकदा मोठा असतो. हिरड्या चिकट लागणे, मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर लगेच जागेवर न बसणे, या त्याच्या खुणा. तहानलेला कुत्रा भांडेभर पाणी एका दमात पितो आणि तितकेच ओकून टाकतो. म्हणून पाणी थोडे थोडे, अर्ध्या-पाऊण तासाने द्यावे. माणसांसाठीचे जलसंजीवनीचे पाणी द्यायचे तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

पोट बिघडले की चोवीस तास उपाशी ठेवावे, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. हा सल्ला आता मागे पडत आहे, आणि ते योग्यच आहे. आतड्याच्या अस्तरातील पेशींना बरेचसे पोषण रक्तातून नव्हे, तर त्यांच्यावरून सरकणाऱ्या अन्नातून थेट मिळते. अन्न थांबले की त्या आणखी दुबळ्या होतात. दक्षिण आफ्रिकेत पार्वो झालेल्या ३० कुत्र्यांवर झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. निम्म्यांना नाकातल्या नळीने सुरुवातीपासून अन्न दिले गेले, तर उरलेल्यांना उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवले गेले. अन्न मिळालेले आधी सावरले, त्यांचे वजनही वाढले. त्यामुळे नुसते जुलाब असतील तर उपाशी ठेवू नये. उलट्याही होत असतील तर मोठ्या कुत्र्याला काही तासांची विश्रांती पुरते. लहान पिल्लांना आणि चिमुकल्या जातींना तेवढीही नको, कारण त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

जेवण साधे: कातडी आणि हाडे काढून पाण्यात उकडलेली कोंबडी एक भाग, मऊ शिजवलेला पांढरा भात दोन भाग. मीठ, तेल, तूप, मसाला काहीही नाही. उकडलेल्या पाण्यावरचा तवंगही काढून टाकावा. चरबीमुळे जठर उशिरा रिकामे होते आणि स्वादुपिंडाला सूज आलेली असेल तर दुखणे वाढते. भात कुत्र्याला पचतो का, ही शंका रास्त आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे २०१३ साली दिसून आले. माणसाच्या सोबतीने राहताना कुत्र्याचे पोटही बदलले आहे. शाकाहारी घरात साय काढलेल्या दुधाचे ताजे पनीर चालते. दुधातली बरीचशी साखर पनीर गाळताना पाण्याबरोबर निघून जाते. भातात चमचाभर उकडलेला लाल भोपळा कालवला तर त्यातील तंतूंमुळे विष्ठा बांधून येण्यास मदत होते.

प्रमाणही महत्त्वाचे. विश्रांती घेणाऱ्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात, म्हणजे हा कोंबडी-भात सुमारे ३०० ग्रॅम. पहिल्या दिवशी त्याचा चौथा हिस्सा, तोही पाच-सहा वेळा विभागून. टिकला तर दुसऱ्या दिवशी निम्मा, मग पुढे पूर्ण. खात नसेल तर घास तोंडात कोंबू नये. अन्न किंचित कोमट केले की वास सुटतो आणि बऱ्याचदा तेवढ्याने तो खातो. सव्वा दिवस काहीच न खाल्ल्यास डॉक्टरांना दाखवावे.

घरात मायेपोटी पुढे केली जाते ती दूध-पोळी. नेमकी तीच टाळावी. मोठ्या झालेल्या अनेक कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब वाढतात. फोडणीचे वरण किंवा आमटी कालवलेला भातही नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक, बिनसाखरेच्या गोळ्यांतील झायलिटॉल जीवघेणे. माणसांची औषधे तर मुळीच देऊ नयेत. आयबुप्रोफेनने जठराला व्रण पडतात, आणि जुलाब थांबवणारे लोपेरामाइड कोली जातीच्या व तिच्या नात्यातल्या काही कुत्र्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचून विषासारखे काम करते.

कोंबडी-भातात कॅल्शियमसह अनेक पोषकद्रव्ये कमी पडतात, म्हणून तो थोड्या दिवसांपुरताच. विष्ठा दोन दिवस घट्ट राहिली की नेहमीचे खाद्य त्यात मिसळायला सुरुवात करावी: आधी पाव हिस्सा, मग निम्मा, मग पाऊण. चार-पाच दिवसांत पूर्ण बदल होतो. जुने खाद्य सुरू होताच जुलाब परतले, किंवा साध्या आहारावरही दोन दिवसांत फरक पडला नाही, तर ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन तपासणीला न्यावी. जंतांची अंडी आणि जिआर्डियासारखे परजीवी तिथेच सापडतात.