प्रवेशाचा हिशेब (लेख ७) : कर्ज नेमकं कुणाच्या पगारातून फिटणार?

इंजिनीअरिंगच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की अनेक घरांत एकच वाद पेटतो. कराडच्या किंवा अमरावतीच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलची जागा लागते आहे आणि पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ कॉम्प्युटरला घ्यायला तयार आहे. मुलाला कॉम्प्युटरच हवं, तेही पुण्यात. बाबा म्हणतात, काढू कर्ज, पण पोराचं मन मोडायचं नाही. पर्याय-अर्ज कसा भरायचा ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्या अर्जातला क्रम ज्याच्यावर ठरतो, तो कर्जाचा प्रश्न आज घेऊ.

बहुतेक घरं फीपासून सुरुवात करतात आणि बँक किती देईल यापाशी थांबतात. मला हा हिशेब उलट्या टोकाने मांडावासा वाटतो. ज्या महिन्यात पहिला हप्ता जाईल, त्या महिन्यात मुलाच्या हातात किती पगार असेल?

फी वर्षाला ४ लाख धरू, म्हणजे चार वर्षांचं कर्ज १६ लाख. व्याज १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. बँकेत याला मोरेटोरियम म्हणतात. या काळात व्याजही थांबतं, असा समज फार घट्ट आहे आणि तो महागात पडतो. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, फक्त ते सरळव्याज असतं. पहिल्या वर्षी उचललेल्या ४ लाखांवर पाच वर्षांचे २ लाख, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर १ लाख ६० हजार, मग १ लाख २० हजार, मग ८० हजार. हप्ता सुरू होईपर्यंत १६ लाखांचे २१ लाख ६० हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे २८,५०० रुपये. पंधरा वर्षांवर नेले तर हप्ता २३,२०० वर येतो, पण एकूण भरणा जवळपास ४२ लाखांवर जातो.

आता पगार. मोठ्या आयटी सेवा कंपन्या कॅम्पसवर घाऊक भरती करतात तेव्हा नवख्याला वर्षाला साडेतीन-चार लाख देतात. हा आकडा कित्येक वर्षं जेमतेम हलला आहे. पीएफ वगैरे कापून हातात पंचवीस ते तीस हजार. हप्ता गेल्यावर हिंजवडीतल्या खोलीचं भाडं आणि डबा कशातून निघणार? हा प्रश्न आज सगळ्यांनी मिळून सोडवायचा आहे. बावीस-तेविसाव्या वर्षी तो एकट्या पोरावर पडू नये, एवढ्यासाठी मी हे इतकं कळकळीने लिहिते आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे माहितीपत्रकातलं पॅकेज. तिथे छापलेला चाळीस-पन्नास लाखांचा आकडा एखाद-दुसऱ्या विद्यार्थ्याचा असतो. ‘सरासरी’लाही भुलू नका, दोन-चार मोठे पगार ती वर ओढून नेतात. पाहायचा तो मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या मुलाला मिळालेला पगार. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, ही माहिती द्यावी लागते, आणि ती पाहता येते. मात्र हा मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो आणि संपूर्ण संस्थेचा असतो. तुमच्या शाखेचा आकडा प्लेसमेंट विभागात जाऊन मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर तीही नोंद करून ठेवण्यासारखी माहिती आहे.

हप्ता हातात येणाऱ्या मध्यक पगाराच्या एक तृतीयांशावर जाऊ नये, अशी माझी मर्यादा आहे. तीस हजारांवर दहा हजारांचा हप्ता. वरच्याच दराने आणि दहा वर्षांच्या मुदतीने उलटं मोजलं, तर चार वर्षांत मिळून साधारण साडेपाच लाखांचं कर्ज झेपतं. सोळा लाख झेपत नाहीत.

दुसरी बाजू फीच्या सवलतींची. कॅपमधून प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं, तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून निम्मं शिक्षण शुल्क शासन भरतं. याच उत्पन्नमर्यादेत २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी व अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा यांना ही माफी लागू नाही. म्हणजे एकाच मुलीला एका दारातून शिक्षण शुल्क शून्य आणि दुसऱ्या दारातून सोळा लाखांचं कर्ज. मुलीच्या घरी हा निर्णय घेताना मला तरी फारसा पेच दिसत नाही.

नामांकित कॉलेजमुळे पुढची मिळकत वाढते का, याचा अमेरिकेत नेटका अभ्यास झाला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ सालचा निबंध १९७६ मध्ये कॉलेजात दाखल झालेल्यांवर आहे. सारख्याच कॉलेजांनी निवडलेल्या मुलांपैकी काही अधिक नामवंत कॉलेजात गेली, काही गेली नाहीत. पुढे त्यांच्या मिळकतीत सरासरी फरक पडला नाही. अपवाद गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना नामवंत कॉलेजचा खरंच फायदा झाला. घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर होत असेल, तर ओळखी, सल्ला, मोठ्या शहराचा सराव हे सगळं कॉलेजच देतं, हे आपल्याकडेही दिसतं. म्हणून अशा मुलाने चांगल्या कॉलेजसाठी जिवाचं रान करावं, हे मला मान्य आहे. पण आपल्या राज्यात एक गोष्ट वेगळी आहे. सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, जिथे प्रवेश मिळणं सगळ्यात अवघड, तिथे फी बड्या खासगी विद्यापीठांपेक्षा कमी आहे. जास्त फी म्हणजे जास्त निवडक कॉलेज, हे समीकरण इथे लागूच पडत नाही. सोळा लाखांत बहुतेकदा शाखेचं नाव आणि शहर विकत घेतलं जातं. शाखेचं म्हणाल, तर अनेक कॉलेजांत जादा क्रेडिट करून कॉम्प्युटरमध्ये मायनर पदवी घेता येते.

कर्ज काढावंच अशाही जागा आहेत. आयआयटीत २०१६ पासून शिक्षण शुल्क वर्षाला २ लाख आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते माफ आहे, १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांनाही पूर्ण माफ आणि ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. तिथे अडचण येते ती जागा राखण्याच्या पहिल्या रकमेची. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतली जागा १७,५०० रुपये वेळेत न भरता आल्याने गेली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने परत मिळवून दिली. अशा जागेसाठी पैसे उसने घ्यावे लागले तरी घ्या, आणि निकालाच्या आधीच तयार ठेवा.

केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. तुमची संस्था त्या यादीत आहे का, ते आधी तपासा. यादीबाहेरच्या कॉलेजसाठी साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक सहसा घर, प्लॉट किंवा ठेव तारण मागते, आणि धाकट्या भावंडाच्या शिक्षणाचा आधारही बहुधा तोच असतो. प्राप्तिकराच्या ८०ई कलमाची वजावट आठच वर्षं, तीही जुन्या कररचनेत मिळते. चार लाखांच्या पगाराला करच लागत नसल्याने तिचा उपयोग होत नाही.

कर्ज काढायचं ठरलंच, तर शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहा. वरच्या उदाहरणात ते पहिल्या वर्षी महिन्याला ३,३३३ रुपये आहे, चौथ्या वर्षी १३,३३३. काही बँका त्याबद्दल दरातही सूट देतात. चौथ्या वर्षीचा आकडा घरच्या आजच्या उत्पन्नातून निघतो का, हे मुलाला शेजारी बसवून पाहा, कारण कर्जावर सही त्याचीही असणार आहे.

पुढच्या लेखात : बँकेचं मंजुरीपत्र हातात आल्यावर कोणत्या अटी वाचायच्या.