दोन लेकींची गोष्ट

आमचं अंकुशनगर म्हणजे 'समर्थ' साखर कारखान्याचं गाव. इथे पोरासोरांनाही 'सभासद' या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. म्हणूनच परवा पुण्याहून आलेल्या पुतण्याचं बोलणं मला चटकन उमगलं. तो संगणकाचे प्रोग्राम लिहितो.

"तुझी अवजारं केवढ्याची रे?" मी विचारलं.

"बरीचशी फुकट, काका. पण कंपन्या ती विकत घेतात."

फुकटची वस्तू विकत कशी घेतात बुवा? मग त्याने 'मायएसक्यूएल'ची गोष्ट सांगितली. कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाची नोंदवही असते ना, कोणाचा ऊस, किती एकर, लागण कधीची? तशी नोंद ठेवणारा हा प्रोग्राम. १९९५ साली मायकेल विडेनियस यांनी सहकाऱ्यांसह तो घडवला आणि थोरल्या लेकीचं, 'मी'चं, नाव त्याला दिलं. पुढे तो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, असा परवाना त्याला लावला. २००८ मध्ये 'सन' कंपनीने तो सुमारे शंभर कोटी डॉलरना घेतला. २०१० मध्ये 'सन'लाच 'ओरॅकल'ने गिळलं. ओरॅकलचा मुख्य धंदाच महागड्या डेटाबेसचा. म्हणजे फुकटची वही महाग वह्या विकणाऱ्याच्याच दुकानात गेली!

पण कंपनीला मिळालं ते नाव आणि मालकी. परवान्यानिशी वाटलेल्या प्रती परत घेता येत नव्हत्या. विडेनियस यांनी २००९ मध्येच तो कोड घेऊन नवा संसार थाटला होता. त्याचं नाव 'मारियाडीबी', धाकट्या लेकीवरून.

मी ऐकतच राहिलो. आपल्या राज्यातले कित्येक आजारी सहकारी कारखाने लिलावात खासगी मालकांकडे गेले. सभासदाच्या हाती उरला तो शेअरचा कागद. कारखान्याची दुसरी प्रत काढता येत नाही. प्रोग्रामची काढता येते, हे केवढं भाग्य!

"पण काका, नुसती प्रत असून भागत नाही. ती राखायला माणसं लागतात."

"मग तू काय भर घातलीस त्यात?"

तो ओशाळला. "आजवर नुसतंच वापरलं."

"बाबा रे, सभासद म्हणवायचं तर ऊस घालावा लागतो."

निघताना पाया पडून म्हणाला, "एक बारीकशी चूक सापडलीय मला त्यात. दुरुस्ती पाठवतो."