घर पाहावे मोजून

माझी भाची वास्तुशास्त्र शिकते, असे मी स्टाफरूममध्ये सांगितले मात्र, गणिताच्या प्राध्यापकांनी आपल्या नव्या ब्लॉकचा नकाशा माझ्यापुढे पसरला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला येत नसेल तर काय उपाय करावा, असे विचारले. त्यांना तरी दोष कसा द्यावा? मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ सालची. तिच्यापासून १९५८ साली वेगळ्या झालेल्या महाविद्यालयाच्या मराठी नावातही ‘वास्तुशास्त्र’ हाच शब्द आहे. तेव्हा घराच्या दिशा पाहणारे शास्त्र आणि घर रचण्याची विद्या यांची गल्लत व्हायचीच.

मी पडलो मराठीचा मास्तर. ‘वास्तू’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे ह्या धातूपासून आला, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. वास्तूत मुख्य भिंत नव्हे, राहणारा माणूस, असे एक टाळ्यांचे वाक्यही त्याला जोडतो. परंतु त्या वाक्याचा खरा अर्थ मला कळला तो भाचीच्या संगतीत, गेल्या चार वर्षांत.

बहिणीचे बिऱ्हाड सोलापूरला. मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला, म्हणून ती आमच्याकडे राहावयास आली. आली ती एकटी नव्हे. बरोबर टी-स्क्वेअर, कागदांची भली मोठी नळकांडी, पुठ्ठे, कटर आणि डिंकाच्या बाटल्या आल्या. आठवड्याभरात आमचे जेवणाचे टेबल तिच्या ताब्यात गेले आणि आम्ही पुन्हा पाटावर बसून जेवू लागलो. एकदा रात्रभर जागून केलेले पुठ्ठ्याचे घर बाईंनी सकाळी केर समजून डब्यात टाकले. त्या दिवशी आमच्या घरात जो आकांत झाला, त्यापुढे परीक्षेचा निकाल काहीच नव्हे!

मला ती काय करते हे समजून घ्यायचे होते. ‘प्लॅन’ म्हणजे काय, असे मी विचारले, तेव्हा तिने फळांच्या टोपलीतले कलिंगड उचलले.

“मामा, हे आडवे कापून वरून पाहिले तर काय दिसेल? साल, गर, बिया, सगळे आपापल्या जागी. तसे घर जमिनीपासून चारेक फुटांवर आडवे कापले असे समजायचे आणि वरून पाहायचे. तो प्लॅन. उभे कापून समोरून पाहिले की सेक्शन.”

सुरीवाचून घर कापण्याची ही विद्या मला फार आवडली.

तिचे पहिले काम होते चहाची टपरी. भाचीने पंख पसरलेल्या पाखरासारखे छप्पर काढले. आम्ही सर्वांनी वाहवा केली. कॉलेजात मात्र ‘ज्युरी’ असते. चित्रे भिंतीवर लावून उभे राहायचे आणि बाहेरून आलेल्या जाणत्या मंडळींच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. तिथे एका बाईंनी छपराकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी एवढेच विचारले, “उष्टे ग्लास कुठे विसळायचे? आणि ते पाणी जायचे कुठे?” भाचीकडे उत्तर नव्हते. घरी येऊन ती न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून ती कोपऱ्यावरच्या टपरीवर गेली आणि दोन तास ग्लास विसळणाऱ्या पोराकडे पाहत उभी राहिली. ही मुलगी पास होणार, असे मला त्या दिवशी वाटले.

दुसऱ्या वर्षी एखादे जुने घर मोजून त्याचे नकाशे काढायचे होते. मी उत्साहाने म्हणालो, “लांजा तालुक्यातले आपले घर घे की!” तिथे माझी आई एकटी राहते. वडील गेले त्याला आता नऊ वर्षे झाली. मुलांकडे कायमचे यायचे म्हटले की तिला एकदम गोठ्यातली गाय आठवते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. मी टेपचे एक टोक धरून उभा आणि भाची आकडे घेते आहे, असे तीन दिवस चालले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून तो तासून त्याचे चिरे पाडता येतात, आणि वारा लागला की तो कठीण होत जातो, हे मला तिने सांगितले. मी ज्या भिंतींना टेकून बाराखडी शिकलो, त्यांच्याविषयी! छपराचा उतार एवढा का, तर कोकणातला धो धो पाऊस क्षणभरही कौलांवर थांबू नये म्हणून. वळचण भिंतीपुढे इतकी का येते, तर पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण मी शेकडो विद्यार्थ्यांना समजावून दिली आहे. पण वळचण किती फूट पुढे आहे, हे कधी मोजले नव्हते.

खोली काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी तिचे दोन्ही कर्ण मोजतात. ते सारखे भरले पाहिजेत. मागच्या पडवीचे भरेनात. चांगला सात इंचांचा फरक! भाचीने तीनदा मोजले. अखेर चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, “चुकत नाही तुझे. भिंतच तिरकी आहे. तिथे फणस होता. त्याचे मूळ तोडायचे नाही म्हणून सासऱ्यांनी भिंत वळवली.” तो फणस २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळात पडला. झाड गेले, भिंत मात्र तशीच वळलेली राहिली.

नकाशे सुरेख झाले. एकास पन्नास या प्रमाणात आमचे चौदा मीटरांचे घर अठ्ठावीस सेंटिमीटरांत मावले. मी ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावले, आणि येईल त्याला कोकणातल्या घरांच्या शहाणपणावर व्याख्यान देऊ लागलो.

पुढच्या वर्षी मुंबईहून धाकट्या भावाचा फोन आला. घर पाडून स्लॅबचे बांधायचे. कंत्राटदार पाहिला आहे, नकाशाही तयार आहे. मी संतापलो. जुन्या घरांवर जेवढे म्हणून बोलता येईल तेवढे बोललो. तो शांतपणे म्हणाला, “दादा, हे माझ्या मनातले नाही. आईच्या मनातले आहे.”

मला ते खरे वाटेना. मी आणि भाची पुन्हा गावी गेलो. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुम्ही चार दिवस येता. तुम्हाला ओटी छान वाटते. दरवर्षी घर शाकारायला गडी कुठून आणू? वानरे कौले फोडतात. ह्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. आणि रात्री पावसात कंदील घेऊन परसाच्या टोकाला कोण जाते? मी जाते. गेल्या श्रावणात मागच्या उंबरठ्यावर अडखळून पडले. तुम्हाला कळवले नाही एवढेच.”

आम्ही दोघेही गप्प झालो. चौकटीतला तो नकाशा मला आठवला. त्यात घराचा प्रत्येक खांब होता. आई नव्हती.

भाचीच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरचा विषय होता, राहत्या जुन्या घराची सुधारणा. तिने हेच घर घेतले. ह्या खेपेला तिने भिंती मोजल्या नाहीत, आजी मोजली. पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत ती आजीच्या मागे वही घेऊन हिंडली. आजीने दिवसभरात एकसष्ट वेळा उंबरठा ओलांडला. मागच्या दारापासून संडास बावन्न पावले. उंबरठा नऊ इंच उंच. कळशी भरून आणताना आजी कुठे थांबते, भिंतीला कुठे हात लावते, हे सारे तिने नकाशावर तांबड्या रेघांनी काढले. त्या रेघांनी स्वयंपाकघर आणि मागची पडवी नुसती भरून गेली. मी जिचे गोडवे गात होतो, त्या ओटीवर जेमतेम दोन रेघा होत्या!

त्याच वर्षी तिची सहल अहमदाबाद आणि इंदूरला गेली होती. साबरमतीच्या आश्रमातले चार्ल्स कोरिआ यांचे गांधी स्मारक संग्रहालय १९६३ साली उघडले. विटांचे खांब, वर कौलारू छपरे, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा. ते पाहून आल्यावर ती म्हणाली, “मामा, कौले जुनी म्हणून टाकायची नाहीत, आणि जुनी म्हणून पुजायचीही नाहीत.” इंदूरला तिने अरण्य ही वसाहत पाहिली. ती बाळकृष्ण दोशी यांची. दोशी मूळचे पुण्याचेच, जन्म १९२७ चा. २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. गरीब कुटुंबांना तिथे पुरे घर दिले नाही. पक्के जोते आणि संडास-न्हाणीची सोय करून दिली; बाकीचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे. एवढ्या थोर माणसाने आरंभ संडासापासून केला, हे तिला आजीच्या कंदिलाशेजारी ठेवून पाहता आले. नव्या मुंबईतील बेलापूरची कोरिआंची वसाहतही ती पाहून आली. तिथली घरे शेजारच्या घराशी भिंत सामाईक ठेवत नाहीत. म्हणून कुटुंब वाढले की घरही वाढवता येते.

तिने आमच्या घरासाठी जे काढले, त्यात पाहणाऱ्याने थक्क व्हावे असे काहीच नव्हते. फणसाच्या मोकळ्या जागेत, मागच्या पडवीला लागून, संडास आणि न्हाणी. शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला. मागचे उंबरठे काढून जमीन एका पातळीत, आणि भिंतीला जिथे आजीचा हात टेकतो नेमका तिथे लाकडी कठडा. स्वयंपाकघरावर चार काचेची कौले. मागच्या छपराला कौलांखाली पत्रा, म्हणजे वानराने कौल फोडले तरी पाणी आत येणार नाही. हा पत्रा काढताना तिला फार जड गेले. “छपराचे रूप जाते,” असे ती म्हणाली होती. आजी म्हणाली, “रूप खालून मी पाहायचे आहे ना? मग चालेल.”

ज्युरीत दोन मते पडली. एका गृहस्थांना त्यात ‘कल्पना’ दिसली नाही. दुसरे एक वयस्क गृहस्थ त्या तांबड्या रेघांपुढे बराच वेळ उभे राहिले आणि काही न बोलता पुढे गेले. गुण मिळाले बेताचेच. घरी आल्यावर भाची रडली नाही, जेवली. पहिल्या वर्षापासून तेवढा फरक पडला होता.

कागदावरचे घर उभे करायचे, म्हणजे मात्र गुणांनी भागत नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांचे शिक्षण आणि नोंदणी झाल्याखेरीज तिला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. चौथ्या वर्षी ती ज्या कार्यालयात उमेदवारीला होती, तिथल्या अनुभवी बाईंनी नकाशे तपासले. भिंतीला भोक पाडण्याच्या दोन जागा त्यांनी बदलायला लावल्या, कारण तिथे वरच्या तुळईचा भार येत होता. भावाने खर्चाचे आकडे मांडले. स्लॅबच्या घरापेक्षा हे बरेच कमी होते, तेव्हा त्याचा विरोध निम्मा मावळला. उरलेला अजून आहे. “पाच वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न येईल,” असे तो म्हणतो, आणि ते खोटे आहे असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात काम झाले. ‘घर पाहावे बांधून’ म्हणतात ते किती खरे, हे गवंड्याची वाट पाहताना कळले. भाची उन्हात उभी राहून काम करून घेत होती. एका जागी न्हाणीचा उतार उलटा झाला, तो तिने उखडून पुन्हा करायला लावला. चहाच्या टपरीचे पाणी ती विसरली नव्हती.

एका गोष्टीत मात्र तिचे चालले नाही. पुढच्या दाराचा उंबरठाही काढावा, असे तिच्या नकाशात होते. गवंड्याने छिन्नी लावताच आई बाहेर आली.

“हा राहू दे.”

“आजी, अगं, पुन्हा पडशील!”

“इथून मी दिवसातून दोनदा जाते. तूच मोजले आहेस. आणि हा काढलास तर दिवाळीला पणती कुठे ठेवू?”

भाचीने वही काढली, नकाशावरची ती एक रेघ खोडली आणि गवंड्याला मागच्या दारी पाठवले.

आता ती पाचव्या वर्षाला आहे. आमचे जेवणाचे टेबल अजून आम्हाला परत मिळालेले नाही. ह्या दिवाळीला आम्ही सारी गावी जाणार आहोत. धाकटा भाऊही येतो म्हणाला आहे. दिवाणखान्यातली ती चौकट मी उतरवली आणि तिच्यात तांबड्या रेघांचा नकाशा घातला. येणारे-जाणारे विचारतात, हे काय? मी व्याख्यान देत नाही. ‘आमची आई’ एवढेच सांगतो.