खुन्याचे बालपण आणि आपला नातू

दिवाळी सरली की पालम तालुक्यातील अनेक घरांची दारे निम्मी मिटतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि नातवंडे आजी-आजोबांच्या स्वाधीन होतात. आपण अशा घरातील वडीलधारे असाल, तर रात्री गोधडीखाली उजळलेला मोबाइल आपल्याला नवा नसेल. त्यावर पुष्कळदा भयपट असतो.

अलीकडच्या भयपटांची एक तऱ्हा आपण जाणून घ्यावी. आपल्यापैकी काहींनी तरुणपणी हिचकॉकचा ‘सायको’ पाहिला असेल. तो १९६० सालचा. पुढे १९९० मध्ये त्याच नॉर्मन बेट्सचे बालपण दाखवणारा चित्रपट आला, आणि २०१३ पासून त्यावर मालिकाही झाली. आधी खुनी, मग त्याची पूर्वकथा. तीत हटकून एक छळलेले मूल. आपल्याकडे कोल्हापूरच्या गावित प्रकरणावर बेतलेला ‘पोशम पा’ २०१९ मध्ये आला. रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींना १९९६ मध्ये अटक झाली. लहान मुलांची अपहरणे आणि हत्या यांबद्दल २००१ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. त्यांची आई अंजनाबाई मात्र १९९७ मध्येच, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी मरण पावली. आईने मुलींना कसे घडवले, हाच त्या चित्रपटाचा विषय.

अशा कथा पाहून एक समज मनात घर करतो: ज्याचे बालपण होरपळले, तो मोठेपणी होरपळवणारच. हा समज मला भुतापेक्षा अधिक भयंकर वाटतो. आई-बाप सहा महिने दूर असलेले, कधी दारुड्या बापाचा मार खाल्लेले मूल हेच पाहत असेल, तर ते स्वतःविषयी काय ठरवील?

वास्तव निराळे आहे. अमेरिकेत १९९८ साली सुमारे ९,५०० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी मारहाण, उपेक्षा, घरातील व्यसन यांचे आघात जितके अधिक, तितका पुढे नैराश्य, व्यसने व हृदयविकार यांचा धोका अधिक, असे त्यात आढळले. म्हणजे असे मूल बहुधा दुसऱ्याचा जीव घेत नाही. स्वतःच झिजत जाते. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कलह, आई-वडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले तरीही समर्थ, मायाळू माणसे झाली. त्यांना निदान एका भरवशाच्या मोठ्या माणसाचा आधार लाभला होता, आणि ते माणूस पुष्कळदा आजी किंवा आजोबा असे.

म्हणून मोबाइल हिसकावण्याआधी नातवाशेजारी बसून विचारावे, “काय बघतोस रे? त्या पोराचं काय झालं?” पडद्यावरच्या मुलाविषयी बोलता बोलता तो स्वतःविषयी बोलू लागतो. त्या वेळी उपदेश करू नये, ऐकावे. आई-बापांचा फोन ठरलेल्या वेळी लावून द्यावा. निजताना आपला हात त्याच्या पाठीवर असू द्यावा. गुडघे दुखत असतील, तरी याला गुडघे लागत नाहीत.

भयपट पाहून दोन-चार रात्री दचकणे साहजिक आहे. परंतु सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, शाळेचे नाव नकोसे झाले, मूल अबोल झाले किंवा मुक्या जनावरांना वारंवार इजा करू लागले, तर ‘हा त्या सिनेमातल्यासारखा निघणार’ असे चुकूनही म्हणू नये, डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मराठीत, विनामूल्य मिळतो. मुलाला कोणी मारत वा छळत असेल, तर १०९८ हा क्रमांक आहे. रात्रभर जागून थकलेल्या आजीनेही १४४१६ लावायला हरकत नाही. तो केवळ मुलांसाठी नाही.